नॉमिनीचं नाव

राजस,

सही केलेला फॉर्म टेबलावर ठेवलाय. दोन वर्षांनी आलास, म्हणून मी हरखून तुपात बुडवलेले बाफले केले. तू म्हणालास, "माई, तुझा चादरींच्या विक्रीचा पैसा नुसता पडून असतो. आमच्या बँकेच्या या बचत खात्यात व्याजही मिळेल." मला वाटलं, लेकराला माझी काळजी. मग गॅलरीतून तुझं फोनवरचं बोलणं कानावर आलं, "सर, टारगेट पूरा. आखिरी खाता घर का ही है."

उरलेले बाफले डब्यात आहेत, खाऊन निघ. मी भैरवगढला छपाईच्या चादरी आणायला जातेय. किल्ली शेजारच्या शोभाकडे दे. डोळ्याच्या ऑपरेशनला तीच सोबत होती, म्हणून नॉमिनी तिलाच केलंय. नात्याच्या रकान्यात 'शेजारीण' लिहिलंय. बँकेत चालतं का, ते तुलाच ठाऊक.

माई