बदकाने अडवून ठेवलेले पाहुणे

ती. आस्लाउगताईस,

धाकट्या सोलफ्रिडचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? बर्गनच्या पावसात तो शेकत जा, आणि डॉक्टरांचं एकदा तरी ऐक. मी ठणठणीत आहे, डोकं सोडून.

पाहुणे ठेवू नकोस असं तू बजावलं होतंस. पण बेटावर पिसांसाठी रानबदकांची राखण करणारी शेवटची मीच उरले होते, आणि गेल्या साली कुणीतरी वर कॅमेऱ्याचं यंत्र उडवून पश्चिमेचा सगळा उतार रिकामा केला. एकदा उठवलेली बदकीण परत येत नाही, हे तुला मी काय सांगू? म्हणून आसपासच्या बेटांवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, लोकांनी वाटेल तसं भटकण्यापेक्षा आपल्याच घरी नियमाने राहावं: एका वेळी चारच पाहुणे, भडक कपडे नाहीत, कुत्रं नाही, आवाज हळू. (या अटींत आपला मोठ्या आवाजाचा भाऊ सिवर्टच बसत नाही. त्याला शेजारच्या बेटावर धाडलंय.)

पहिल्याच बोटीने ओटमार आले, लायप्झिगचे दातांचे निवृत्त डॉक्टर. नियम त्यांनी घरूनच पाठ करून आणलेले. मासे स्थानिकच आहेत ना, असं मला विचारलं. मी खिडकीतून समुद्र दाखवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग उघडून दारापाशी वाऱ्याला ठेवली. वाळकं शेवाळ अंथरून मी अकरा घरटी तयार ठेवली होती, ती सगळी सोडून एक बदकीण त्यांच्या लोकरी पँटवर बसली आणि पहिलं अंडं घालून मोकळी झाली. खाली पासपोर्ट.

ते दबक्या पावलांनी आले आणि कुजबुजले, "सोलफ्रिडबाई, माझ्या बॅगेत कुणीतरी राहायला आलंय."

"मग बॅग आता तिची. पिल्लं निघेपर्यंत, सव्वीस दिवस," मी म्हटलं.

माझा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी घालू काय?" माझ्या नील्सची पँट तो गेल्यापासून सहा वर्षं कपाटात पडून होती, ती दिली. (वीतभर आखूड.) दाराशी बदकीण, म्हणून सदुसष्टाव्या वर्षी ते खिडकीतून ये-जा करायचे. एकदा अडकले. मी ओढून काढलं, आणि ती उठू नये म्हणून दोघंही तोंड दाबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. रिकामे बसू नयेत म्हणून त्यांना पिसं साफ करायच्या वीणेपुढे बसवलं आणि गेल्या साली घरट्यांतून काढलेली पिसं तिच्या तारांवर घासून कचरा झाडायला शिकवलं. चाळीस वर्षं लोकांच्या दातांतलं कोरलेला हात तो. माझ्यापेक्षा स्वच्छ काम करतात. हे त्यांना सांगितलेलं नाही.

दिवस भरले त्या गुरुवारी ती चार पिल्लं घेऊन समुद्रात उतरली. ओटमार टोपी काढून उभे होते. शुक्रवारी मी शिदोरी बांधून दिली. धक्क्यावर बोट लागलेली असताना त्यांनी त्यापुढची बोट कधी म्हणून विचारलं, आठवड्याने असं कळल्यावर "बरं" म्हणाले आणि बॅग घेऊन परत आले. मी रात्री शिजायला बटाटे दोन जास्त टाकले.

तुझी,
सोलफ्रिड

ता. क. : सिवर्ट काहीबाही कळवेल. ओटमार फक्त कामासाठी थांबलेत.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण. आईची दुसरी वीणा तुझ्या माळ्यावर आहे, ती पाठवून दे. एकाच वीणेपुढे दोघांनी बसायचं म्हणजे फार दाटी होते.

ता. क. ३ : घाई मात्र करू नकोस.