हिरोईनचा कौल

३ जानेवारी, शुक्रवार

काय हा गारठा! गोरेगावात गारठा म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. या डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याखाली येऊन झोपा म्हणावं एक रात्र.

सकाळी तबेल्याची कडी काढली. हिरोईन कोपऱ्यात, मान खाली घालून. पूर्वी कडी वाजली की खिंकाळायची, सगळी वस्ती उठवायची. हल्ली नुसती बघते आणि परत मान खाली.

झूल घालू की नको घालू? थंडी वाजत असेल का तिला? की म्हातारपण? लवू असता तर मला डोकं चालवावं लागलं नसतं.

(जन्मभर नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इथे घेते. इथे कोण ऐकतंय!)

४ जानेवारी, शनिवार

राजेशचा फोन. एकुलता एक मुलगा, पण बोलतो अगदी साहेबासारखा. "आई, संक्रांतीपर्यंत काय ते ठरव."

त्याने सगळं ठरवूनच ठेवलंय. श्रावणात लवू गेला, दसऱ्याला आमच्या मास्तर घोड्याची पाठवणी झाली — बदलापूरला, चंद्रप्रकाशकडे. तो लवूच्याच धंद्यातला, लवूहून लहान, माणूस चांगला. आता हिरोईनलाही तिकडेच पाठवायचं, तबेला सोडायचा आणि मी कांदिवलीला त्याच्याकडे जायचं. बाराव्या मजल्यावर! वराती आता उघड्या गाड्यांतून निघतात, सीरियलवाले घोडे कॉम्प्युटरवर काढतात, डोंगरात बिबट्या आहे, आणि मी एकटी बाई. त्याचं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

पण आज माझ्या तोंडून काय निघालं! म्हटलं, "अरे, बदलापूरला इथल्यापेक्षा दुप्पट थंडी. हिला इथली सोसत नाही, तिकडे गेली तर मरेल."

तो हळूच म्हणाला, "खरंच सोसत नाही?"

"डोळ्यांनी बघतेय ना मी!"

फोन ठेवल्यावर विचार केला, बरं सुचलं गं बाई. चंद्रप्रकाशचे घोडे उघड्या माळावर असतात. रोज एकेकाला झूल घालायला, काढायला तिकडे कोण मोकळं बसलंय? म्हणजे हिला झूल लागत असेल तर ही इथून हलत नाही. आणि ही हलली नाही तर मीही हलत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हा.

आता फक्त हिला झूल लागली पाहिजे.

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई आली. संघमित्रा नाव. साकीनाक्याहून स्कूटीवर येते, बोलायला एकदम फटकळ. हिरोईनच्या कानाच्या मुळाशी हात लावला, बरगड्या चाचपल्या, केसांतून उलटा हात फिरवला. म्हणाली, घोड्यांना आपल्यासारखी थंडी वाजत नाही. ते केस फुलवतात, आत ऊब धरतात. वरून झूल टाकली की केस दबतात, मग असलेली ऊबही जाते.

"तुम्हाला थंडी वाजते म्हणून तिला घालू नका, मावशी."

कालची पोर, मला शिकवते! तरी चहा दिला. आल्याचा. घरात दुसरं माणूस चहा पितंय हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन बिस्किटं खाल्लीन तिने. आणखी बसली असती तर चाललं असतं.

जाताना म्हणते, म्हातारी आहे, अंगात मांस कमी, पहाटेपुरती घातली तरी हरकत नाही, रोज तुम्हीच बघता तर तुम्हीच ठरवा. म्हणजे झालं! जो तो येतो आणि मलाच ठरवायला सांगून जातो.

७ जानेवारी, मंगळवार

माळ्यावरून झुली काढल्या. हिरोईनची आणि मास्तरची. दोन्ही मीच शिवलेल्या, बाहेरून गोणपाट, आतून करड्या ब्लँकेटचं अस्तर. लग्नात घालायची टिकल्यांची झूल वेगळी. ह्या घरच्या, थंडीतल्या. एकीची उंदरांनी वाट लावली आहे. दुसरी धड निघाली. झटकून ठेवली.

लवू कधी ठरवायचा नाही. मी विचारलं की म्हणायचा, "माका काय इचारतंस? घोड्याक इचार."

आणि खरंच विचारायचा! गावी देवळात कौल लावतात तसा. तिथे देवाला फुलं चिकटवतात, उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. इथे लवू दिवेलागणीला हिरोईनचं दावं सोडायचा. झूल उजव्या हाताच्या दांडीवर टाकायचा आणि बाजूला बिडी ओढत बसायचा. झुलीपाशी जाऊन उभी राहिली तर उजवा कौल, घालायची. नाही गेली तर डावा, नाही घालायची. मी म्हणायचे, घोडी काय देव झाली? तर म्हणे, "देव एकवेळ फसवतलो, घोडी फसवूची नाय."

उद्या मी लावते कौल.

८ जानेवारी, बुधवार

उजवा! उजवा! उजवा!

दावं सोडलं मात्र, सरळ दांडीपाशी गेली. नाक झुलीत खुपसलं आणि डोळे अर्धे मिटून उभी राहिली. हलेचना. मी हात जोडले, हो, घोडीला!

अंगावर घातली. पोटाखालचा पट्टा चांगला वीतभर लोंबत राहिला. किती वाळलीस गं बाई! माझ्या लक्षातच आलं नाही. रडू आलं मला, तिच्या मानेवर डोकं ठेवून रडले.

राजेशला फोन केला. हिला झूल लागते, घोडीने स्वतः कौल दिलाय. तो म्हणतो, "आई, घोड्या कौल नाही देत."

म्हटलं, "मग तू दे."

९ जानेवारी, गुरुवार

आजही उजवा. शेंगदाण्याची पेंड जास्त घातली. पट्टा भरला पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार

काय समजायचं हिचं? सकाळी बघते तर झूल दातांनी ओढून काढलेली, खाली पडलेली. पाठ घामाने ओली. एवढ्या थंडीत घाम! पुसून काढली, परत घातली. मी वळले नाही तोवर परत ओढून खाली. आणि मग त्या पडलेल्या झुलीत नाक घालून उभी.

हवी म्हणतेस आणि घालू देत नाहीस! ओरडले तिच्यावर. मग वाईट वाटलं. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच, आणि तेही ओरडण्याचे.

लवूचा बिनबाह्यांचा स्वेटर अजून खुंटीवर आहे. म्हणजे दिवसा खुंटीवर, रात्री माझ्या उशीखाली. दिवाळीत सुनेने, श्वेताने, धुवायला घेतला होता — "मळलाय हो आई" — तर मी तिच्या हातातून हिसकावला. बावरली पोर. तिला काय सांगणार? घामाचा, बिडीचा, भिजवलेल्या चण्यांचा, घोड्याचा, सगळा मिळून एक वास आहे त्याला. तो आहे तोवर झोप लागते. एवढ्या वयाच्या बाईने हे कोणाला सांगायचं? लाज वाटते.

१२ जानेवारी, रविवार

झूल घामाने कुबट झाली होती. म्हटलं अस्तर टोचत असेल, म्हणून फेकते. सोडा घालून गरम पाण्यात भिजवली, ब्रशने घासली. काय काळं पाणी निघालं! आता कडक उन्हात टाकली आहे. कंबर मोडली माझी, पण झकास निघाली. नव्यासारखी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी राजेश आणि श्वेता आले. तिळगूळ झाला. राजेश कानटोपी घालून आला होता, इतकी थंडी! मनात म्हटलं, देवच पावला.

तोच म्हणाला, "बघू तरी तुझा कौल."

धुतलेली झूल दांडीवर टाकली. दावं सोडलं. हिरोईनने बघितलंसुद्धा नाही. होती तिथेच, मान खाली. मी चुचकारलं, नावाने हाक मारली. झूल हातात घेऊन तिच्या नाकापाशी नेली. हुंगली, आणि तोंड फिरवलं.

राजेशने नुसती कानटोपी खाली ओढली. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. श्वेताच म्हणाली, आज तिला थंडी वाजत नसेल, आई. सांत्वन केलं माझं.

१६ जानेवारी, गुरुवार

कालही नाही. आजही नाही. थंडी तर वाढलीच आहे.

शेवटी म्हटलं ठेवून देऊ झूल माळ्यावर. घडी घालताना पट्टा हातात आला. पट्ट्याच्या टोकाला हिरवा तुकडा जोडलेला. माझ्याच जुन्या साडीचा काठ.

तो तुकडा मी मास्तरसाठी जोडला होता. मास्तर पोटाने आडवा, त्याला पट्टा पुरायचा नाही. हिरोईन वाळली नव्हती काही. ती झूलच मास्तरची होती! हिरोईनची उंदरांनी खाल्ली.

थंडीसाठी नव्हती जात ती झुलीपाशी. मास्तरपाशी जात होती. इतकी वर्षं एका गव्हाणीत खाल्लं दोघांनी, एकमेकांच्या माना खाजवल्या. दसऱ्याला त्याला गाडीत चढवला आणि हिला कोणी काही सांगितलं नाही. तेव्हापासून मान खाली. मी समजते, थंडी. मी समजते, म्हातारपण. मला कळायला नको होतं? मला?

आणि जो काय तो उरला होता त्या झुलीत, तो मी सोडा घालून, ब्रशने घासून धुऊन टाकला. झकास निघाली म्हणून खूश झाले!

तिच्यापाशी गेले, मान खाजवली. तिने खाजवू दिली. पण माझे हात म्हणजे काही मास्तर नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही. राजेशला सांगायचं, परत उजवा कौल लागला. तो काय रोज बघायला येतोय! हा थंडीचा महिना निघेल. पुढे पावसाळ्यात हलवायचं नाही म्हणेन. असं करत करत दोघींचं निभेल.

दुपारभर हेच चाललं होतं डोक्यात. जेवले नाही.

"घोड्याक इचार." विचारलं ना रे. तिने सांगितलंसुद्धा.

१८ जानेवारी, शनिवार

राजेशला फोन केला. म्हटलं गाडी बघ.

२० जानेवारी, सोमवार

बदलापूरला जाऊन आले. टेम्पोत हिरोईनसोबत मागेच बसले. राजेश पुढे बस म्हणत होता, ऐकलं नाही.

माळ चांगला आहे, लांबवर सुकलेलं गवत. फळी टाकून तिला खाली उतरवली आणि ती खिंकाळली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा! सगळं अंग थरथरत होतं. पार टोकाकडून उत्तर आलं. मास्तर पळत आला — त्याचे गुडघे गेलेत, पळणं कसलं, पण आला. मग दोघं उलटसुलट उभी राहिली, याचं तोंड तिच्या शेपटीकडे, तिचं याच्या. आणि माना खाजवणं सुरू. वारा बोचरा होता. केस मात्र दोघांचेही फुललेले, खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे. झुलीचा विषयच नाही.

चंद्रप्रकाशची आई, शांताबाई, घरी एकटीच असते. तिने भाकरी वाढली, हात धरून बसवून घेतलं. जातेस कशाला, म्हणाली, घर मोठं आहे आणि बोलायला भिंती. चंद्रप्रकाश म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्या घोड्यांना वेळ देणारं माणूस मिळत नाही हो." मी हसण्यावारी नेलं. या वयात कुठे आता!

निघताना हिरोईनला हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. एकदा तरी बघायचं! खूप लागलं मनाला. लवूचा खरारा, तिचं अंग घासायचा, तिच्यासाठी नेला होता, तो द्यायचा विसरले. की दिला नाही? परत पिशवीतून आला.

२३ जानेवारी, गुरुवार

कांदिवली. बारावा मजला. सगळी चांगली वागतात. गादी मऊ, पंखा बंद करायचा तरी रिमोट. खिडकीतून लांबवर डोंगर दिसतो, तबेला नाही दिसत. दोघं कामावर गेली की लिफ्टचा आवाज ऐकत बसते. आपल्या मजल्यावर काही थांबत नाही.

थंडी वाजते का, श्वेता विचारते. नाही म्हणते. उशीखाली स्वेटर आहे.

२५ जानेवारी, शनिवार

श्वेताला आज सुट्टी. तिने अंथरुणं बदलली, उशीखालचा स्वेटर मशीनला लावला. मी आंघोळीला गेले होते. बिचारीने चांगल्या मनाने केलं. वाळवून, इस्त्री करून, घडी घालून हातात आणून दिला. "बघा आई, किती छान निघाला."

नाकाला लावला. साबणाच्या पावडरीचा वास.

तिच्यावर कोणत्या तोंडाने रागवू?

उद्या सकाळी बदलापूर, शांताबाईकडे राहायला. खरारा पिशवीत घातला आहे. राजेशला चहा झाल्यावर सांगेन.