दोन आठवडे

कांदिवली, ८ जून २०२५

ति. लतामावशीस, अक्षताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. आमसुलं पोचली. एकट्या माणसाला एवढी आमसुलं पाठवणारी तूच.

वर्षभर पाळी नाही म्हणून बोरिवलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तेहतिसाव्या वर्षीच अंडाशयांचं काम थांबलंय, म्हणाल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या कॅन्सरच्या इंजेक्शनांनी असं होऊ शकतं. स्त्रीबीजं आधी काढून गोठवून ठेवायचं कुणी सुचवलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

लग्न झालं नाही तरी स्वतःचं एक मूल वाढवीन, हे मी मनाशी धरून होते. तुला ते माहीत होतं. आता ती आशा जवळजवळ नाहीच. सोसायटीत सगळे ओळखतात, पण हे सांगावं असं कुणी नाही.

कॅन्सरच्या आपल्या त्या डॉक्टरांविरुद्ध हॉस्पिटलकडे तक्रार लिहिली आहे, ती या पत्राला जोडतेय. एवढ्या मोठ्या डॉक्टरला हे ठाऊक नसावं? दर खेपेला सोबत तूच होतीस. साक्षीदार म्हणून सही करून कागद परत पाठव.

आई गेल्यावर लावलीस ती माया राहू दे.

तुझी अक्षता


कणकवली, १७ जून २०२५

चि. अक्षतास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही.

डॉक्टरांना ठाऊक होतं. इंजेक्शनं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुझं रक्त काढत होते, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं. दोन आठवडे थांबता येईल, तेवढ्यात बीजं काढून ठेवू, म्हणाले. मी म्हटलं, मुलगी बिनलग्नाची आहे, तिच्यापुढे हा विषय नको, आधी जीव वाचवा. त्यांना ते पटेना, म्हणून तिच्याशी मी बोलते असं कबूल केलं. त्यांनी माझ्यावर सोपवलं आणि मी बोलले नाही. लाज वाटली, भीतीही वाटली. तुझी आई आजार कळल्यापासून सहा महिन्यांत गेली होती गं. दोन आठवड्यांत तू हातची जाशील, असंच वाटत होतं.

पुढे तू बरी झालीस. सांगायचं राहून गेलं, असं म्हणवत नाही. मी टाळलं. चूक माझी आहे. मला लिही, नाहीतर लिहू नकोस, पण वेळेवर जेवत जा.

तुझ्या लोभावर आता कुठल्या तोंडाने हक्क सांगू?

मावशी


कांदिवली, २९ जून २०२५

ति. मावशीस, सा. न.

रागाने लिहिलेली तीन पत्रं फाडली. तक्रार फाडली नाही, बदलली. डॉक्टरांना ठाऊक होतं, तर त्यांनी माझ्याकडे यायला हवं होतं. मी चोवीस वर्षांची होते, शेजारच्या खोलीत शुद्धीत बसले होते. यापुढे आजार जिचा, तिलाच सांगा, असं लिहिलंय. तुझंही नाव त्यात आलंय. ते मी खोडलेलं नाही.

कदाचित मीही थांबले नसते. उद्याच इंजेक्शन द्या, म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं.

यंदा गणपतीला येणार नाही. इथे संध्याकाळी कुणाशी बोलावंसं वाटलं तर तुझ्याशीच वाटतं, आणि तेच आता जमत नाही. लोभ असावा, असं आज लिहवत नाही. लोभ आहेच. तो जात नाही, हीच अडचण आहे.

अक्षता