टाकीतला भात

शहापूर,
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

चि. सरिता हिस दामोदरचा आशीर्वाद.

आज दुकानाला सुट्टी. आई, वर्षा आणि आमची स्नेहल सकाळीच भात झोडायला शेतावर गेल्या. मी घरी आहे. लाईट गेली ती अजून आलेली नाही. लाईट नसली की टाकीचा पंप बंद, आणि पंप बंद झाला की मासे वर येऊन तोंडं उघडतात. मग तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वरून ओतत बसावं लागतं. ऐन झोडणीत घरातला एक गडी माशांना पाणी ओततोय. मघाशी शेजारची सकुबाई खिडकीतून बघून गेली. जाताना हसली.

तुझ्या नावाआधी काय लिहावं यात दोन कागद वाया गेले. सौ. लिहिता येत नाही. त्याऐवजी जे लिहितात ते मला लिहायचं नाही. म्हणून चि. लिहिलं. चुकलं असेल तर सोडून दे.

तू या घरात सात वर्षं होतीस, पण आपण कधी समोरासमोर बोललो नाही. थोरल्या दिराशी बोलत नाहीत, म्हणून तू वर्षाला सांगायचीस, "वैनी, दादांना सांगा पाणी तापलंय," आणि मी तिथंच चार हातांवर बसलेलो असायचो. आता तू माहेरी धसईला आणि मधे वर्षा नाही, म्हणून पत्र. तुमच्या शेजारी फोन आहे हे माहीत आहे. फोनवर माझ्याच्यानं बोलणं व्हायचं नाही.

माशांबद्दल विचारायचं आहे.

तू गेलीस तेव्हा टाकी भरलेली होती. आता दोन उरलेत. तो काळा, फुगीर डोळ्यांचा, आणि एक सोनेरी. सोनेरीच्या शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत आणि तो तळाच्या दगडांना अंग घासत असतो. पाण्यात थोडं खडेमीठ टाकलंय. अनिल होता तेव्हा अशा वेळी निळं औषध घालायचा एवढं आठवतं. ती बाटली माळ्यावर सापडली, पण वरचं लेबल उंदरानं खाल्लंय. किती थेंब घालायचे ते कळव.

पहिल्यांदा मेले ते माझ्या हातून. मार्चमध्ये पाणी हिरवं झालं. मी म्हटलं, भांडं मळलं की घासतात, त्यात काय. सगळं पाणी काढलं, कपड्याच्या पावडरीनं काच घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी इतकी चकचकीत झाली की सकुबाई बघायला आली. संध्याकाळी तीन मासे उताणे. अनिल कल्याणच्या ज्या दुकानातून मासे आणायचा तिथे जाऊन विचारलं, तर तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "सगळं पाणी कोण काढतं हो? ते जुन्या पाण्यावर जगतात." आता पाव हिस्सा काढतो आणि तेवढंच घालतो, तेही रात्रभर बादलीत ठेवलेलं. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळतो. शिवाय दिवसभर दुकानात खतं आणि फवारणीची औषधं हाताळतो, त्यामुळे दुकानातून आल्यावर टाकीत बोट घालत नाही. जे करायचं ते सकाळी जायच्या आधी.

हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. तुम्ही दोघं रविवारी पाणी बदलायचात तेव्हा मी पडवीत पेपर वाचत असायचो. अनिल म्हणायचा, "अगो बास, टाकी रिकामी करतेस काय?" तू म्हणायचीस, "मग तुमीच धरा ना नळी तोंडात." ऐकू यायचं. वळून बघत नव्हतो.

पण आता वैताग आलाय तो भाताचा.

आई रोज दोन्ही वेळेला स्वतः जेवायच्या आधी टाकीत भाताचा घास टाकते. लहानसा नाही, चांगला मुठीएवढा. मासे दोन शितं तोंडात घेतात आणि थुंकतात. बाकीचा भात तळाला जाऊन फुगतो, सकाळपर्यंत पाणी पेजेसारखं होतं आणि पडवीभर वास सुटतो. मी चहाच्या गाळणीनं भात काढतो. वर्षानं चहाला वेगळी गाळणी आणली.

आईला सांगून पाहिलं.

"आई, भात कुजतो. त्यानंच मरतात ते."

"भातानं मरतात? मंग आपुन कशे जगलो?"

"त्यांचं वेगळं खाणं असतं. चिमूटभर, दिवसातनं एकदा."

"चिमूटभर? तुला वाढू उद्यापासनं चिमूटभर?"

वर्षा आतून म्हणाली, "आई, नदीतल्या माशांना कोण भात टाकतं?"

"तू गप गो. मोठी नवऱ्याची वकील."

एक मासा मेला की आई माझ्याकडे बघते. "मेला ना उपाशी? तूच काढून घेतलास त्याच्या तोंडचा." आणि दुसऱ्या दिवशी घास मोठा होतो. गणपतीनंतर मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. त्या आठवड्यात काचेला चिकटून राहणारा तो मेला, ज्याला अनिल झाडूवाला म्हणायचा.

ती माझं ऐकत नाही. तू त्या टाकीत रोज हात घालणारी, तुझं ऐकेल. दोन ओळी लिही तिच्या नावानं, स्नेहल वाचून दाखवेल. लिही की अनिलचे मासे भात खात नाहीत, तो त्यांना कधी भात घालत नसे, आणि एखादा दिवस उपास घडला तरी ते मरत नाहीत. हे दोनही मेले तर ती पुन्हा जेवण सोडेल, आणि या वेळी कुलूप काढूनही भागणार नाही.

तिचंही मला कळतं. तिनं नदीवर शब्द दिलाय.

मंगळवारी तुझा भाऊ सुरेंद्र दुकानात आला होता, वालाचं बियाणं न्यायला. वालाचं बियाणं धसईतही मिळतं. बराच वेळ पोत्यावर बसून राहिला, गिऱ्हाईक गेल्यावर बोलला. म्हणाला, "किन्हवलीचं स्थळ आलंय दादा. बायको वारलेली, एक ल्हान पोर हाय, मानूस सरळ हाय. तिला तो नापसंत नाय. पन म्हनते, मी भारंगीवर शब्द दिलाय घर सोडनार नाय म्हनून, आनि त्या शब्दावर कावळा शिवलाय. तुमीच सांगा, आमी काय करावं?"

मी त्याला बियाणं बांधून दिलं. पावती केली, सुटे मोजले. तो गेला तेव्हा रागावलेला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

मासे हे निमित्त नाही. ते खरंच मरतायत. पण हेही लिहायचं होतं.

अनिलच्या दहाव्याला भारंगी नदीवर काय झालं ते मी पाहिलंय. पिंडाचं पान मीच मांडलं होतं आणि भटजी सरका म्हणाले तेव्हा मी जांभळीच्या खोडापाशी, सगळ्यांच्या पुढे होतो. कावळे वर बसलेले, एकही खाली येईना. ऊन चढलं. प्रत्येकानं काही ना काही म्हटलं. मोटारसायकल विकणार नाही म्हणून झालं, घराचा स्लॅब पुरा करू म्हणून झालं. मग काका तुझ्याकडे वळले. "सरिते, बोल गो. घर सोडून जानार नाय म्हन. त्याचा जीव तुज्यात आडकलाय." तू बोललीस. काका म्हणाले, "मोठ्यानं बोल, त्याला ऐकू जाऊ दे." तू पुन्हा मोठ्यानं बोललीस. तुझं डोकं पदरात होतं, तुला दिसलं नसेल. कावळे होते तिथंच होते. एकानं मान वळवून पंख खाजवला, बस्स.

मग बराच वेळ गेला. तेव्हा माझ्या शेजारी आई पुटपुटली, जशी घरात बोलते तशी, "अनिल, तुजी मासं उपाशी नाय रे ठेवनार मी." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक कावळा उतरला. मागची माणसं "शिवला, शिवला" म्हणाली. मागं फक्त तुझा आवाज गेला होता, आईचा गेला नव्हता. म्हणून घाटावरून परतताना सगळे म्हणत होते की सरिताच्या शब्दाला शिवला. तेच गावात झालं, आणि तेच तुझ्या कानावर आलं. तसं झालेलं नाही.

कावळ्याचं मला काही कळत नाही. पिकलेल्या जांभळाला शिवतो तसा भातालाही शिवत असेल. पण मानायचंच असेल तर जे झालं ते मानावं. तुझा शब्द दोनदा ऐकून तो जागचा हलला नाही. त्याला तुझ्याकडून ते नको होतं. अनिल कसा होता ते तुला जास्त माहीत. टाकीत नवा मासा आणला तर तो पिशवीतून एकदम ओतत नसे. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायचा, मासा घाबरू नये म्हणून. असा माणूस कोणाला कोंडून ठेवायला सांगेल असं मला वाटत नाही.

आणि आईला हे माहीत आहे. कोणाच्या शब्दाला शिवला ते तिला पक्कं माहीत आहे, म्हणून तर ती दोन्ही वेळेला आधी टाकीपाशी जाते. तुझा शब्द लागला असता तर तिनं माशांकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण तू परत यावीस असं तिला वाटतं, म्हणून ती त्याबद्दल बोलत नाही. तिच्यावर राग धरू नकोस.

म्हणजे जो शब्द गेला तो या घराचा आहे आणि आम्ही तो पाळतोय. वाईट पाळतोय, पण पाळतोय.

वर्षश्राद्ध म्हशाच्या जत्रेनंतर येतं. तेव्हा आलीस तर तुझी खोली झाडून ठेवू. नाही आलीस तर काका बोलतील. चारचौघांत बोलले तर मीही चारचौघांत सांगेन काय पाहिलं ते. मला बोलायची सवय नाही, पण एवढं जमेल. सुरेंद्रलाही सांग की बियाणं दाट पेरू नकोस, आणि किन्हवलीच्या लोकांना ताटकळत ठेवू नकोस.

टाकीची काळजी करू नकोस. फक्त थेंब कळव.

आई जाताना टाकीशेजारी वाटीत भात ठेवून गेली आहे. "दुपारचा घास टाक, इसरू नको," म्हणून दोनदा बजावलंय. घरात डिंक नाही. त्यातलीच चार शितं घेऊन हे पाकीट चिकटवतो आणि बाकीचा भात मागच्या दारी कोंबड्यांना टाकतो. मग तांब्या घेऊन बसायचं आहे, काळा पुन्हा वर आलाय.

दादा