बाळाच्या अंगाला लागणारी बाजू

धुळे, ६ डिसेंबर २०२४

प्रिय कोकिळा,
स. न. वि. वि.

आठवतं का, जळगावच्या आपल्या शाळेत दुपारी शिवणाचा तास असायचा? मैदानावर पांढरं ऊन, सिस्टर पंख्याखाली पुस्तक वाचताहेत, आणि आपण दोघी काज करता करता पेंगतोय. एकदा तू पेंगेत आपला स्कर्टच कापडाला शिवून टाकलास आणि घंटा झाल्यावर कापडासकट उठलीस. खालच्या वर्गातली माझी धाकटी बहीण कुंदा दारात उभी राहून खिदळत होती. तिचीच मुलगी तुझी सून होईल, आणि कुंदा आपल्या दोघींच्या आधी निघून जाईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

फोन केला असता, पण मृणाली तुझ्या शेजारीच असते, तिच्यासमोर तुला मोकळं बोलता आलं नसतं. तिने मला विचारलं आहे, मावशी, आईच्या साड्यांची बाळासाठी गोधडी शिवशील का? संक्रांतीनंतर ती बाळंतपणाला इकडे येईल. तिचं माहेर आता मीच. पाचोऱ्याहून कुंदाची ट्रंक आणली आहे. शेजारच्या द्रौपदाबाई टाके घालायला येणार आहेत. सुरुवात करू ना?

जावई दीपकरावांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ललिता

जळगाव, १४ डिसेंबर

प्रिय ललिता,
सप्रेम नमस्कार.

स्कर्टची गोष्ट तू माझ्या तेराव्यालाही सांगशील. बरं, सून बरी आहे, पाय थोडे सुजतात, आणि कैरी मिळत नाही म्हणून माझ्या दीपकला रोज बाजारात पिटाळते.

आता जे लिहिते ते तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालत नाहीत, असं आमच्याकडे आहे. मी यावर विश्वास ठेवते का? नाही. पण मला भीती वाटते. मागच्या वेळी तिचं बाळ हाती लागलं नाही, तेव्हा दवाखान्यातून रिकामं दुपटं घडी करून मी घरी आणलं होतं. पुन्हा तसं काही झालं तर मी त्या गोधडीलाच दोष देत बसेन, आणि कुंदालाही. तसं मला करायचं नाही. मृणालीच्या पलंगासाठी शीव, बाळासाठी नको. मला हसू नकोस.

लोभ कमी करू नये, वाढवला तर चालेल.

कोकिळा

धुळे, २३ डिसेंबर

प्रिय कोकिळा,
स. न. वि. वि.

हसले नाही. सुई खाली ठेवली. मग वाटलं, कुंदाकडे माझ्याही साड्या असायच्या. त्या तेवढ्या निवडून काढू आणि बाळासाठी त्याच वापरू. गच्चीवर चटई टाकून दोन ढीग करायला बसले. हिरवी इरकल मी घेतलेली, पण ती नेसून मृणालीला शाळेत सोडायला जायची कुंदा. जांभळी तिची, पण माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोत ती माझ्या अंगावर आहे. दर अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या झोक्यांना आम्ही माहेरी जमायचो आणि परतताना दोघींच्या पिशव्या बदललेल्या असायच्या. द्रौपदाबाईंनी विचारलं, या बठ्ठ्या साड्या एकच बाईन्या शेतस का? सगळ्या एकाच बाईच्या? हो म्हणावं तरी खरं, नाही म्हणावं तरी खरं.

ऊन लागून तिथेच डोळा लागला. स्वप्नात आंब्याला झोका बांधलेला होता आणि कुणीतरी हिरवी साडी नेसून उंच उंच जात होतं. पदर आभाळाला लागत होता. मी खालून हाका मारत होते, की तीच वरून मला मारत होती, कळेना. जागी झाले तर गालावर साडीच्या काठाची नक्षी उमटलेली.

ढीग एकच राहिला, कोकिळा. बाळ त्यावर निजलं तर ते माझ्याही साड्यांवर निजेल, आणि गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. तरी तू नको म्हणालीस तर नाही. मृणालीला काय सांगायचं ते मी बघेन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
ललिता

जळगाव, १ जानेवारी २०२५

प्रिय ललिता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि कपाट उघडलं. दीपकबरोबर एक पुडकं पाठवते आहे. माझी बदामी साडी आहे, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. तो लहान असताना तिच्याच झोळीत निजायचा. ती वरून लाव, बाळाच्या अंगाला लागेल त्या बाजूला. तुमच्या दोघींच्या साड्या तिच्याखाली.

भीती गेली असं म्हणत नाही. ती आता माझ्या साडीखाली राहील, बाळाला टोचणार नाही.

राग धरू नकोस, एवढंच मागते.

कोकिळा

धुळे, ११ जानेवारी

प्रिय कोकिळा,
स. न. वि. वि.

गोधडी झाली. द्रौपदाबाई टाके जवळजवळ घालतात, त्यामुळे ती पाण्यासारखी हलते. तुझी बदामी साडी वर इतकी मऊ बसली आहे की काल मीच त्यावर हात ठेवून बराच वेळ बसले.

आता कुणाला काय, ते लिहून ठेवते. हिरवी इरकल कापलेली नाही; ती मृणालीची, बाळंतपणातून उठली की नेसेल. ब्लाउज द्रौपदाबाईंच्या नातीला होतील. कुंदाची लोकरीची शाल तुझ्या दीपकला. तो मागणार नाही, पण पुडकं द्यायला आला तेव्हा उघड्या ट्रंकेतून त्याने ती उचलून परत ठेवली होती. उरलेल्या काठांचे बंद करून मी झबल्यांना लावते आहे.

गोधडी बाळाची. ती पहिल्यांदा अंथरायची मात्र तू, मी नाही. बाराव्या दिवशी बारशाला ये, स्वतःच्या हाताने पाळण्यात घाल आणि बाळाला तूच त्यावर ठेव. भीती वाटली तरी ठेव. मी पाळण्याची दोरी धरून उभी असेन.

तुझी,
ललिता