तळघरातला वास

थंडर बे,
१६ फेब्रुवारी २०२३

प्रिय आर्वो,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. दरवर्षीसारखं त्यात नुसतं तुझं नाव होतं, पण या वेळी शाई निळी होती, म्हणजे पेन बदललंस एवढं तरी कळलं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. बाहेर उणे एकतीस आहे आणि या महिन्यात गाडीची बॅटरी दोनदा बसली. राइमोची केमो संपून दीड वर्ष झालं. गाठ गेली, पण औषधांनी हातापायांच्या नसा जाळल्या, त्या अजून जळतातच. त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तू खुर्चीतून पडशील. या हिवाळ्यात मी आमच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, गांजा लावला.

मीच. तुझी बहीण, जी घरात कुणी साधी सिगरेट ओढली तरी खिडक्या उघडत फिरायची.

राइमोला डॉक्टरांनी गांजाचं तेल घ्यायला सांगितलं होतं. दुकानातल्या तेलाने त्याचं पोट बिघडायचं. मग सप्टेंबरात लीसा एक तंबू घेऊन आली. कपड्यांच्या कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून आरशासारखा चकचकीत, चेन ओढून बंद करायचा. सोबत एक दिवा, एक पंखा, चार बिया. घरटी चार झाडांना परवानगी आहे, ते मी स्वतः दोनदा वाचून घेतलं. लीसा म्हणाली, "आई, तू टोमॅटो लावतेस ना, तसंच आहे."

तसं अजिबात नव्हतं. मी मायेने रोज पाणी घालत राहिले. पानं माना टाकून बसली. मला वाटलं तहानली असतील, म्हणून आणखी घातलं. एक रोप त्यातच कुजलं. लीसा फोनवर म्हणाली, "कुंडी उचलून बघ. हलकी लागली तरच पाणी दे. तू त्यांना बुडवते आहेस." मग मी कुंड्या उचलायला शिकले. नोव्हेंबरात दिव्याचे तास अठरावरून बारावर आणले, कारण त्याशिवाय फुलं धरत नाहीत. दोन आठवड्यांनी एका झाडाच्या पेरांवर बारीक गोळ्या दिसायला लागल्या. मी कौतुकाने फोटो पाठवला. लीसाचा लगेच फोन: "आई, ते नर आहे. आत्ताच्या आत्ता उपट, नाहीतर बाकीच्यांत बिया भरतील." उपटलं. हात चिकट झाले, साबणाने जाईनात. उरली दोन.

प्रत्येक वेळी वाटायचं, आर्वोला विचारावं. त्याला हे सगळं पंचविसाव्या वर्षीच येत होतं. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, हे अशाच एका सकाळी पाण्याचा डबा हातात धरून उभी असताना माझ्या लक्षात आलं. एकोणचाळीस वर्षं झाली आणि माझ्याकडे फक्त पाकिटावरचा पत्ता.

इथवर लिहून मी उठले, कॉफी केली, ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. आता लिहिते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी राइमो तळघरात उतरला. एरवी तो पायऱ्या टाळतो. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पंख्याची वास शोषणारी गाळणी मी उलटी बसवली होती, हे मागाहून कळलं. वास सगळ्या तळघरात कोंदला होता. राइमोने तंबूची चेन उघडली आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, पाय दुखतायत.

"बसतोस का?" मी विचारलं.

"वास तोच आहे," तो म्हणाला.

"कुठला?"

"सौनामागे यायचा, तो."

मी घडी घालता घालता थांबले. बाबांच्या तळ्याकाठच्या सौनामागे, त्या वाफेच्या न्हाणीघरामागे, तू झाडं लावली होतीस, हे आम्हाला पोलीस आल्यावर कळलं असं राइमो आयुष्यभर सांगत आला होता. मीही तेच सांगत आले होते. माझ्यापुरतं ते खरं होतं, निदान कुठे लावलीस एवढ्यापुरतं.

"तू सौनामागे कधी गेला होतास?" मी विचारलं.

तो चेन लावायला गेला, पण बोटांनी धरवेना. मी लावून दिली नाही.

"राइमो, मी काहीतरी विचारलं."

"लीसाच्या मुठीत पान होतं," तो म्हणाला. "चार वर्षांची होती ती. मी तिच्या मागोमाग गेलो आणि झाडं पाहिली. माझं डोकं फिरलं. गावात जाऊन पोलिसांना फोन केला. वाटलं होतं, दम देतील आणि सोडतील. अठरा महिने देतील असं वाटलं नव्हतं."

आर्वो, फोन राइमोने केला होता. बाबांनी नव्हे.

तुला जसं हे वाक्य वाचून होत असेल, तसंच मला झालं. मी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसले. माझ्या डोळ्यांपुढे कोर्टाबाहेरचा तो व्हरांडा आला. बाबा टोपी हातात धरून तुझ्यासमोर आले होते आणि म्हणाले होते, "फोन मी केला." तू एकदा त्यांच्याकडे पाहिलंस आणि नंतर कधीच पाहिलं नाहीस. त्यांच्या अंत्यविधीलासुद्धा आला नाहीस. मी तुला त्याबद्दल पत्रात काय काय लिहिलं होतं, ते आठवून मला आता अंगभर चटके बसतात.

"मग बाबा तसं का म्हणाले?" मी विचारलं.

राइमो पायरीवर बसला. वॉशिंग मशीन आपली फेरी संपवून बंद पडलं.

"आर्वोला पकडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये आले. म्हणाले, राइमो, खरं सांग. हिल्काने केला का फोन?"

"आणि तू?"

"मी खाली बघत राहिलो."

"नाही म्हणालास का?"

"काहीच म्हणालो नाही. ते म्हणाले, बरं, मग मी बघतो. आणि गेले."

आता मी टाळत होते ते सांगते. बाबांनी माझं नाव घेतलं, ते उगीच नव्हे. त्या आठवड्यात आईच्या जेवणाच्या टेबलाशी आपलं भांडण झालं होतं, तुला आठवत असेल. तू काहीतरी लावतोयस एवढं मला कळलं होतं, कुठे ते माहीत नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एक दिवस मी स्वतः पोलिसांना बोलावीन." तू हसला होतास. बाबा हसले नव्हते. मी ते वाक्य विसरून गेले होते, आर्वो. खरंच विसरले होते. ते नुसतं रागात म्हटलेलं होतं.

बाबांनी ते लक्षात ठेवलं. आपल्या मुलीने आपल्या मुलाला तुरुंगात घातलं, असं समजून ते अकरा वर्षं जगले, आणि ते तुला कळू नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मला एकदासुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर एका शब्दात सुटलं असतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला होता. म्हणाले, "हिल्का, तू काही मनाला लावून घेऊ नकोस. माणसाच्या हातून होतं." मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलतायत. मी म्हणाले, "हो बाबा." आर्वो, मी 'हो' म्हणाले. त्यांनी मला माफ केलं आणि मी न केलेल्या गोष्टीसाठी ती माफी घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून मी वरच्या मजल्यावर, लीसाच्या जुन्या खोलीत झोपते. राइमोला सोडून गेले नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. झाडंही उपटली नाहीत. जानेवारीत कापली, तंबूतच उलटी टांगून दहा दिवस वाळवली, ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजली आणि खोबरेल तेलात शिजवली. त्याला रोज जेवणानंतर अर्धा चमचा देते. गुण येतोय. गेल्या आठवड्यात त्याने दोन बटणं स्वतः लावली. त्याला बरं वाटतंय याचा मला राग येतो, आणि तरी चमचा मोजून मीच भरते.

मी त्याला एवढंच सांगितलं: "चर्चमध्ये तू सांगायचंस. नाहीतर मी सांगेन."

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर खाली हॉलमध्ये कॉफी होती. तीसएक माणसं असतील, बहुतेक म्हातारीच. वेलदोड्याचा पाव कापून झाला होता. राइमो उठला, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"व्हाइनोने पोलिसांना फोन केला नव्हता," तो बाबांचं नाव घेऊन म्हणाला. "मी केला होता. आर्वोबद्दल. चौऱ्याऐंशी साली. व्हाइनोने ते आपल्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

सिल्वी, ती आता ब्याण्णव वर्षांची आहे, तिने कप खाली ठेवला. "आम्ही त्याच्या टेबलाशी बसलो नाही," ती म्हणाली. "मुलाला पकडून देणारा बाप म्हणून. तो तिकडे कोपऱ्यात एकटा कॉफी प्यायचा. मी नव्हतो, असं एकदाही म्हणाला नाही."

"मला माहीत आहे," राइमो म्हणाला.

"नाही," सिल्वी म्हणाली, "तुला माहीत नाही. तू आमच्याबरोबर बसायचास."

येताना गाडी मी चालवली. राइमो रडत होता. मी रस्त्याकडे बघत होते. बर्फ पडत होतं आणि मला तेवढंच दिसत होतं.

त्याने तुला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते याच पाकिटात आहे. अक्षर वाकडं आहे, हातांमुळे. मी वाचलेलं नाही. तू वाच किंवा चुलीत घाल, तो तुझा हक्क आहे. त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही. मलाच अजून जमलेलं नाही.

बाबांसाठी मात्र मागते. त्यांनी तुला खोटं सांगितलं, हे खरं आहे. माझ्यासाठी सांगितलं, हेही खरं आहे. तुला राग येणार असेल तर तो माझ्यावर काढ, मी जिवंत आहे, फोन उचलीन. नंबर खाली लिहिला आहे. तू काहीही बोललास तरी मी ठेवणार नाही.

जिला वाचवायला बाबांनी तुला गमावलं आणि जिने काहीच केलं नव्हतं, ती तुझी बहीण,

हिल्का