आवाज न करणारी करवत

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत हे आधी सांगते, कारण ट्रकवाल्याच्या हाती पत्र आलेलं बघून तू भलतंच काहीतरी समजशील. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी सध्या वाचायला मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र तुला रुसून तुझ्याकडे आलेले काकाच वाचून दाखवत असणार. (काका, नमस्कार. मधला मजकूर गाळू नका. आत्या, ते वाचता वाचता घसा खाकरायला लागले तर समज की काहीतरी गाळलं, आणि पुन्हा वाचायला लाव.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण काकांनी स्वतःचा फोन बंद ठेवला आहे, आणि तुझा फोन वाजला की ते उचलून 'राँग नंबर' म्हणतात, तेही स्वतःच्याच आवाजात.

तर परिस्थिती अशी आहे. निवृत्त शाळाबाईंच्या घरामागे जी जुनी निलगिरी आहे, तिची सगळ्यात जाड फांदी परवापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या छपरावर लटकते आहे. लटकते म्हणजे अक्षरशः. बाबांनी ती अर्ध्याहून जास्त कापलेली आहे, उरलेलं लाकूड तिला धरून आहे, आणि बाकीचा भार दोरावर आहे. दोर वरच्या कप्पीतून खाली येऊन बुंध्याला वेढे घालून बांधलेला आहे. ती गाठ काकांची आहे. (काका, गाठ अजून केसभरही सरकलेली नाही. रागात बांधूनसुद्धा.) पण संध्याकाळी वारा सुटला की फांदीतून करकर असा आवाज येतो. बाई घर सोडायला तयार नाहीत. त्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात, आणि मी दर थोड्या वेळाने गेले की मलाच धीर देतात. मला तो धीर नको आहे. मला काका हवे आहेत.

आता हे घडलं कसं, ते सांगताना मी कुणाचीही बाजू घेणार नाही. माझीही नाही, कारण सुरुवात माझ्यापासून होते. तुला माहीत आहे की आपल्या झाडं कापायच्या धंद्यात प्रत्येकाची एक लाडकी करवत असते आणि तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं चालत नाही. बाबांची 'चिमणी'. पेट्रोलवर चालणारी, लहान, हलकी, वरच्या बाजूला मूठ असलेली. बाबा म्हणतात, चांगली करवत ती, जी हातातून सुटून कमरेच्या दोरीवर लोंबकळली तरी तोंड खाली करून गुमान राहते, मांडीला शोधत येत नाही. काकांची 'म्हैस'. ती उचलायलाच एक माणूस लागतो, पण ओल्या जाड बुंध्यात घातली तर मध्ये दम न खाता आरपार जाते. काकांच्या मते करवत आवाजावरून ओळखावी. चेन बोथट झाली की म्हशीचा सूर बदलतो, आणि भुसा किसासारखा पडायचा थांबून पिठासारखा पडायला लागतो. हे दोघं जेवायला बसले की चिमणी श्रेष्ठ की म्हैस यावर वाद, आणि आई मध्ये भाजीचं पातेलं घेऊन उभी. कॉलेजात असताना मला वाटायचं, लोकांच्या घरी जेवताना काहीतरी वेगळं बोलत असतील.

पण गेल्या थंडीत बाबांच्या बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. सकाळी शर्टाची बटणं आई लावायची आणि बाबा भिंतीकडे बघत उभे राहायचे, जणू बटणं दुसऱ्याच कुणाची आहेत. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची करवतीची थरथर हातात उतरली आहे, ती थांबवा. आत्या, घरातली पहिली पदवी माझी, तीही पर्यावरणशास्त्राची. मी हातावर हात ठेवून कशी बसणार? मी बॅटरीची करवत आणली. चालू करायला दोरी ओढायला नको, धूर नाही, थरथर नावाला, बोट उचललं की बंद. आवाज तर इतका कमी की झाडावरचे पक्षी उडत नाहीत. (हे मी सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं होतं. आई म्हणते, भाषण लांबलं होतं. असेल.) काकांनी तिला उलटसुलट बघितलं, एकदा चालवली, आणि तिचं नाव 'सूनबाई' ठेवलं, आवाज करत नाही म्हणून. आपल्या घरात गप्प बसणारी सून कधी आली होती ते मला माहीत नाही. आईला तर नाहीच माहीत.

बाबांना मात्र सूनबाई आवडली. तसं ते बोलले नाहीत, पण परवा झाडावर चढताना चिमणी खालीच ठेवली. मी फाटकापाशी रस्ता अडवून उभी होते. काका बुंध्यापाशी दोर धरून. फांदी छपराच्या बरोबर वर, म्हणून कापायची थोडी, सोडायची थोडी, असं हळूहळू उतरवायचं ठरलं होतं. हे दोघं भाऊ अशी कामं डोळे मिटून करतात. बोलणं नाही, नुसते हातवारे. बाबांनी तळहात खाली दाबला की काका दोर सैल करतात, मूठ वळली की थांबतात. बोलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एवढी वर्षं वर चिमणी किंचाळत असायची आणि कुणाला कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं.

परवा पहिल्यांदाच ऐकू आलं.

बाबा काम करताना पुटपुटतात, आत्या. हे मला ठाऊक नव्हतं, तुलाही नसेल. मला वाटतं त्यांना स्वतःलाही नव्हतं. सूनबाई लाकडात शिरली, भुसा खाली यायला लागला, आणि त्याच्या मागोमाग बाबांचा आवाज. आधी फांदीला दोन शब्द, मग वाऱ्याला, मग शाळाबाईंच्या छपराला, आणि मग अगदी निवांतपणे काकांना. हा खाली उभा आहे की वाळत घातला आहे. लहानपणापासून हा असाच, दोर सोड म्हटलं की आधी विचार करणार. आईने दूध याला जास्त पाजलं. इथपर्यंत काका ऐकून घेत होते. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला ओरडताही येत नव्हतं, कारण वर कापणाऱ्या माणसाला ओरडून दचकवायचं नाही हा तर तुमच्याच घराचा पहिला नियम. मी फाटकापाशी दोन्ही हात हलवत होते. बाबांना वाटलं असावं की मी रस्त्यावरच्या कुणाला तरी थांबवते आहे. आणि मग ते म्हशीवर आले. ते म्हणाले, "आणि ती याची म्हैस. नुसता आवाज. मालकावर गेली आहे."

काकांनी मान वर केली. ओरडले नाहीत, दोर सोडला नाही. बुंध्याला आणखी दोन वेढे घातले, गाठ मारली, ओढून तपासली, परत तपासली. मग हातमोजे काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं दादाचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, वर गाणं म्हणतो."

आणि म्हैस खांद्यावर टाकून ते तुझ्याकडे निघून आले. (काका, इथे थांबला असाल तर पाणी प्या. आत्या, त्यांना पाणी दे.)

बाबांनी मूठ वळली, तळहात दाबला, परत मूठ वळली. दोर हलेना तेव्हा खाली बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कामात खाली बघताना पाहिलं नव्हतं. मग करवत बंद करून सावकाश उतरले. मी म्हटलं, मी धरते दोर, तुम्ही फांदी पुरी करा. बाबा म्हणाले, "तू पदवी घेतली आहेस, वजन नाही." दुसऱ्या टोळीच्या माणसांना बोलवू म्हटलं, तर म्हणाले ज्याचा हात माहीत नाही त्याच्या दोराखाली मी कुणाचं घर ठेवणार नाही. काकांची माफी मागा म्हटलं, तर म्हणाले, मी बोललोच नाही, करवत बोलत असेल. मी म्हटलं, ती तर मुकी आहे. तेव्हापासून माझ्याशीही बोलणं बंद.

ते दिवसभर अंगणात बसून चिमणीच्या चेनचे दात घासतात. दात घासून घासून संपत आले आहेत. मधूनच उठून शाळाबाईंच्या मागच्या दारी जातात, गाठीला हात लावून येतात. आज आईने विचारलं, गाठ टिकेल का. तर म्हणाले, "त्याची आहे." एवढंच. (काका, हे वाक्य परत वाचा. आत्या, त्यांनी नाही वाचलं तर तू म्हण.)

वारा आज दुपारपासूनच सुटला आहे आणि उद्या जोराचा आहे असं सांगताहेत. गाठ टिकेल, पण फांदीतलं उरलेलं लाकूड टिकेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते तुटलं तर सगळी फांदी झोका घेऊन भिंतीवर जाईल. म्हणून म्हणते, काकांना ट्रकवाल्याबरोबरच पाठव. मी त्याला बजावलं आहे की रिकामा परत आलास तर आपल्या फाटकात ट्रक लावू देणार नाही. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा, आणि उन्हात जाऊ नकोस.

तुझी भाची

ता.क. बाबा माफी मागणार नाहीत. तेवढं सोडून बाकी सगळं होईल, हे काकांना आधीच सांगून ठेव.

ता.क. आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकांच्या बाजूचंही लिही. ती डबा घेऊन कामावर यायची तेव्हा दोर धरून उभ्या असलेल्या काकांच्या अगदी शेजारी बसायची. काकाही पुटपुटतात. बाबांबद्दल. त्यातलं एक वाक्यही तिने मला सांगितलं नाही, तुझं लग्न झाल्यावर सांगेन म्हणाली. तिचं म्हणणं असं की दोघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं म्हणून तर धंदा एवढी वर्षं चालला.

ता.क. तेव्हा काका, आता खरी विनंती, आणि ही तुम्हालाच आहे. येताना म्हैस आणा. तिने काहीही कापायचं नाही. बाबांच्या बोटांसाठी वर सूनबाईच चालेल, ते मी सोडणार नाही. तुम्ही फक्त म्हैस चालू करा, ब्रेक लावा आणि बुंध्यापासून जरा लांब जमिनीवर ठेवून द्या. नुसती ओरडू दे. वर बाबा काय ते बोलतील, खाली तुम्ही काय ते बोला, आणि हातवारे नेहमीसारखे करा. धुराचं पाप माझ्या पदवीवर.